फिनेलची बाटली फेकू नको, आधी संपव

वडगाव, बेळगावहून आलेलं पत्र, थोडक्यात:

काकू, नमस्कार. आमचं घर जुनं आहे. खाली शहाबादी फरशी, स्वयंपाकघरात कडप्प्याचा कट्टा. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि नऊ महिन्यांची मुलगी. ती आता घरभर रांगते. घरातली केमिकलं आणि प्लास्टिकच्या बाटल्या बंद कराव्यात असं मनानं घेतलंय. मोबाईलवर बघून बांबूचे ब्रश, काचेच्या फवाऱ्याच्या बाटल्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या असं बरंच मागवलं. ते आलं एवढ्या मोठ्या खोक्यातून, प्लास्टिकात गुंडाळून. लिंबू-सोडा लावून कट्टा घासला तर पांढरे डाग पडले. सासूबाई म्हणतात, बाळ रांगतंय, फिनेल पाहिजेच. येळ्ळूरहून कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, रिठ्याला फेस येत नाही. त्यांनी परवा संडासात ब्लीचिंग पावडर टाकून वर ॲसिड ओतलं तर त्यांनाच जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आता वाटतं, घरातल्या सगळ्या बाटल्या एकदम टाकून द्याव्यात आणि नव्यानं सुरुवात करावी. फळांच्या सालीचं बायोएन्झाइम करू का? मुलीसारखं समजून सांगा. ता. क. देव्हाऱ्यातल्या समया आणि आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब कशानं घासू?

उत्तर:

बाळ, तुझं पत्र वाचताना मी मावशींच्या ठसक्याशी थांबले. बाकीचं सगळं नंतर, आधी ते बोलू.

संडास धुवायच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचिंग पावडरीत क्लोरिन बांधलेला असतो. दोन्ही एकत्र आलं की तो क्लोरिन मोकळा होऊन वायू बनतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता तो हाच वायू. हवेपेक्षा जड असल्यामुळं तो खाली जमिनीलगत साठतो. आणि संडास घासणारी बाई उकिडवी बसलेली असते, तोंड खाली, दार बऱ्याचदा लोटलेलं. मावशींना नुसता ठसका लागून त्या सुटल्या, हे नशीब म्हण. परत कधी असं झालंच तर आत थांबून पाणी ओतत बसायचं नाही. उठायचं, बाहेर मोकळ्या हवेत यायचं, दार-खिडकी उघडी टाकायची, डोळे भरपूर पाण्यानं धुवायचे. श्वासाला त्रास होत राहिला, छाती भरून आली तर दवाखाना. पहिल्यांदा बरं वाटून काही तासांनी त्रास वाढू शकतो, म्हणून त्या दिवशी मावशींना एकटं घरी पाठवू नये.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुझ्यासारख्या, घरगुती वस्तूंकडं वळणाऱ्या मुलींना कुणी सांगत नाही. लिंबू, व्हिनेगर, चिंच, साली आणि गूळ आंबवून केलेलं ते बायोएन्झाइम, हे सगळं आंबटच, म्हणजे ॲसिडच. ब्लीचिंगवर ह्यातलं काहीही पडलं तरी क्लोरिन सुटू शकतो. झाडापासून आलं म्हणून ते कशातही मिसळायला चालतं, असं नाही. म्हणून आजच एक काम कर. ॲसिड एका फडताळात ठेव, ब्लीचिंग पावडर दुसरीकडं, दोन्ही बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर आणि कडी घालून. बाटल्यांवरची नावं बारीक इंग्रजीत असतात, मावशींना ती वाचता येत नसतील. मराठीत किंवा कानडीत, त्यांना जी लिपी येते तीत, मोठ्या अक्षरांत लिहून चिकटव. वाचताच येत नसेल तर एका बाटलीला लाल चिंधी बांध आणि दोनदा समजावून सांग.

आता सगळं टाकून देण्याचं. असं करू नकोस. भरलेली बाटली टाकली म्हणजे आतलं औषधही वाया गेलं आणि बाटलीचा कचराही आजच झाला. ओतून दिलंस तर जाणार कुठं? तुमच्या गल्लीतली गटार शेवटी बेल्लारी नाल्याकडं जाते. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातून तो नाला वाहतो आणि दर पावसाळ्यात भातात पसरतो. बेळगावी बासमती पिकवणारी ती रानं. नाला का तुंबतो हे बघायला जाशील तर गाळाच्या जोडीला सॅशे, पिशव्या, बाटल्याच दिसतील. कचरागाडीत टाकलंस तर ते तुरमुरीच्या कचरा डेपोत जाणार, म्हणजे दुसऱ्या गावाच्या अंगणात. त्यामुळं घरात जे आहे ते नीट, थोडं थोडं वापरून संपव. एक संपलं की त्या जागी काय आणायचं ते त्या वेळी ठरव. वर्षभर लागलं तरी लागू दे.

मागवलेल्या वस्तूंचंही तेच. बांबूचे ब्रश आलेच आहेत तर वापर, वापरल्यावर खडखडीत वाळव, नाहीतर आपल्याकडच्या पावसात त्यांना चार दिवसांत बुरशी धरते. काचेच्या बाटल्या बाळ मोठं होईपर्यंत वर ठेव. पण परत मागवू नकोस. माझं मत स्पष्ट आहे. कमी कचऱ्याचं घर म्हणजे नव्या सुंदर वस्तूंचं घर नव्हे. पुण्या-मुंबईच्या गोदामातून खोक्यात बसून आलेला काथ्याचा घासणा आणि आपण सोललेल्या नारळाच्या शेंडीचा घासणा यांत काम सारखंच होतं. फरक आहे तो खोक्याचा आणि वाटेतल्या डिझेलचा.

कट्ट्यावरचे डाग. हे समजून घे, म्हणजे पुढचे शंभर व्हिडिओ बघावे लागणार नाहीत. कडप्पा हा चुनखडीचा दगड. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून येणारी शहाबादी फरशीही चुनखडीचीच. संगमरवरही त्याच जातीचा. चुनखडीला आंबट लागलं की दगडाचा वरचा थर विरघळतो. तुझे पांढरे डाग हा मळ नाही, तिथली झिलई गेली आहे. ते धुऊन जाणार नाहीत, उलट लिंबानं परत घासशील तर वाढतील. खोबरेल तेलाचा हात फिरवलास तर डाग काळ्यात मिसळून जातील, पण काही दिवसच. कायमचं घालवायचं तर फरशी पॉलिश करणाऱ्या माणसाला बोलवावं लागतं. घाई नाही, स्वयंपाकाला त्याचा काही अपाय नाही.

म्हणजे तुझ्या घरात कट्टा आणि फरशी ह्या दोन्हींवर लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम चालणार नाही. हे सगळे उपाय चकचकीत टाइल्स आणि ग्रॅनाइट असलेल्या फ्लॅटमधून सांगितले जातात. आपली बेळगाव-खानापूरची जुनी घरं शहाबादी, कडप्पा आणि लाल सिमेंटच्या कोब्याची. सिमेंटलाही आंबट सोसत नाही. दगड कुठला हे कळत नसेल तर कोपऱ्यात, नजरेआड लिंबाचा एक थेंब टाक. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथं फिकं पडलं तर ओळखायचं की चुनखडी आहे.

आणखी एक. लिंबू आणि सोडा एकत्र केला की जो फेस उसळतो तो बघायला फार छान वाटतं, पण तो फक्त कार्बन डायऑक्साइड. आंबटानं सोडा मारला आणि सोड्यानं आंबट मारलं, खाली उरलं ते जवळजवळ मिठाचं पाणी. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, पण वेगवेगळ्या. तेलकट, चिकट घाण असेल तर सोडा. नळावर, बादलीवर, स्टीलच्या तांब्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर लिंबू किंवा लिंबूफूल. राकसकोप धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात हा थर कमी बसतो, बोअरच्या पाण्यात लवकर, हे तुला दिसलंच असेल. नळाला थर असेल तर लिंबाची पिळलेली फोड अर्धा तास बांधून ठेव आणि मग जुन्या दातांच्या ब्रशनं घास. खालच्या फरशीवर ओघळ येऊ देऊ नकोस.

गॅसमागच्या टाइल्सवर तेल-हळदीचा चिकट थर असतो त्याला लिटरभर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) पुरे. फडकं भिजवून टाइल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग पुसायचं. हातात मोजे घालायचे, कारण सोड्यानं कातडी सुकते, भेगा पडतात. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला हा सोडा लावायचा नाही, काळं पडतं. राखेचंही तसंच. स्टीलला, पितळेला राख उत्तम, ॲल्युमिनियमला नको. येळ्ळूरला मावशींच्या घरी चूल असेल तर डबाभर राख मिळेल, पण ती लाकडाची आणि गोवऱ्यांचीच पाहिजे. चूल पेटवायला प्लास्टिक घातलेलं असेल तर ती राख भांड्याला लावू नये.

आता फिनेल आणि तुझ्या सासूबाई.

त्यांच्या बाजूनं मी थोडं बोलणार आहे. त्या पिढीनं पटकी, हगवणीच्या साथी ऐकल्यात, काहींनी घरात बघितल्यात. बाळ जमिनीवर आहे आणि जमीन निर्जंतुक पाहिजे, ही काळजी खोटी नाही. फक्त तिचा उपाय बदलायला हवा. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात. फरशी वाळली तरी त्यांचा अंश तिथं राहतो, आणि तुझी मुलगी त्याच फरशीवर तळवे टेकते आणि तेच तळवे तोंडात घालते. फरशीवरचे रोजचे जंतू निरोगी बाळाला सहसा काही करत नाहीत. बाहेरच्या चपला आत न आणणं, बाळाचे हात जेवणाआधी धुणं आणि ती जिथं रांगते तिथली फरशी स्वच्छ पाण्यानं पुसून कोरडी करणं, ह्यानं फिनेलपेक्षा जास्त काम होतं. पुसायच्या पाण्यात थोडंसं साबणाचं पाणी चालेल, पण मग दुसऱ्यांदा साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं.

घरात कुणाला उलटी-जुलाब झाले, तर मात्र निर्जंतुक करणं आलंच. तिथं मी तुला रिठा-लिंबू सांगणार नाही. आधी घाण पूर्ण काढायची, साबणानं धुवायचं, मगच ब्लीचिंगचं ताजं पातळ पाणी, खिडक्या उघड्या ठेवून, आणि शेवटी साधं पाणी. मळावर नुसतं ब्लीचिंग ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. आणि हो, बायोएन्झाइमनं जंतू मरतात यावर भिस्त ठेवू नकोस.

सासूबाईंना सांग, फिनेल घरात राहील, पण मोरीच्या जाळीपुरतं आणि मागच्या दारी. बाळाच्या खोलीत आणि माजघरात नाही. त्यांना वास पाहिजे असेल तर परड्यातला गवती चहा मूठभर पाण्यात उकळून ते गाळलेलं पाणी पुसायच्या बादलीत घालू दे. वासाला छान, तेवढंच त्याचं काम. निलगिरीच्या तेलाचे थेंब घालायला सांगतात, लहान मूल असताना ते तेल घरात उघडं ठेवू नये, पोटात गेलं तर विषासारखं होतं.

बाटल्यांबद्दल एक कळकळीची विनंती. गल्लीत हातगाडीवर सुटं फिनेल आणि ॲसिड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मिळतं. बाटली परत वापरली म्हणून कचरा कमी झाला असं वाटतं. पण ही बचत घेऊ नकोस. तहानलेलं मूल, अंधारात हात लावलेला म्हातारा माणूस, कुणीही ती तोंडाला लावू शकतं, आणि अशा कितीतरी दुर्घटना आपल्याकडं झाल्यात. सुटं आणायचंच असेल तर फिनेलचीच जुनी बाटली घेऊन जायचं, तिच्यावरचं नाव तसंच ठेवून. ॲसिडची रिकामी बाटली दोन-तीनदा खळखळून भंगारवाल्याला द्यायची, तिच्यात दुसरं काही भरायचं नाही. भंगारवाले जाड पांढऱ्या-निळ्या बाटल्या आनंदानं घेतात. चकचकीत रिफिल पाऊच मात्र कुणी घेत नाही, कारण त्यात प्लास्टिकचे आणि कधी ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. पाऊचवर झाडाचं चित्र असलं तरी मोठी बाटली किंवा मोठा कॅनच बरा.

खरी काटकसर तर आणण्यात नाहीच, ओतण्यात आहे. कपड्यांची पावडर आपण सगळ्याच जास्त टाकतो. फेस दिसला की मन भरतं. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, तो बऱ्याचदा फक्त दिसावा म्हणून वाढवलेला असतो. ह्या आठवड्यात पावडर निम्मी टाकून बघ. कपडे तसेच निघाले तर तेवढ्यावरच राहा. न निघाले तर थोडी वाढव. भांड्याचं लिक्विडही थेट घासणीवर न ओतता वाटीत पाणी घालून पातळ करून ठेव. किंवा वडीच वापर, तिचं वेष्टन अगदी थोडं असतं. वडी पाण्यात लोळत राहिली की लवकर झिजते, म्हणून ती निथळेल अशी ठेवायची. खानापूरची लाल माती भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कुंभाराकडून बिनझिलईची, तळाला भोकं असलेली लहान थाळी करून घे. झिलई नसलेली भाजकी माती पाणी ओढून घेते आणि वडी कोरडी राहते. खरेदीच करायची तर अशी कर, पैसे तालुक्यातच राहतात.

रिठ्याबद्दल मावशींचं बरोबर आहे. फेस कमी येतो आणि तेलकट कढईला तो पुरत नाही. रिठा जिथं शोभतो तिथं वापरावा: रेशमी साड्या, लोकर, बाळाची झबली, सोन्या-चांदीचे दागिने. तुमच्या वडगाव-शहापुरात विणकरांची घरं आहेत, रेशमी साडी कशानं धुवायची ते तुझ्या शेजारणीलाच विचार, ती रिठाच सांगेल. काष्ठौषधीच्या दुकानात सुटा मिळतो, घरची पिशवी घेऊन जा. बी काढून दहा-बारा टरफलं लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायची, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळायची, कोमट झाली की कुस्करून गाळायची. हे पाणी लवकर आंबतं, त्यामुळं चार दिवसांपुरतंच करायचं, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवून त्यावर नाव लिहायचं. डोळ्यात गेलं तर खूप झोंबतं. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा मासे असलेल्या विहिरीत ओतू नये. रिठ्यातलं फेस आणणारं द्रव्य माशांच्या कल्ल्यांना मारक असतं. अळू-केळीच्या बुंध्याशी थोडं थोडं घातलेलं चालतं. सोड्याचं पाणी मात्र झाडांना घालू नकोस, त्यानं माती घट्ट होते.

तेलकट कढईचं सांगते. आधी तिच्यातलं तेल गव्हाच्या कोंड्यानं किंवा पीठ चाळून उरलेल्या चाळणानं पुसून घ्यायचं, मग गरम पाणी, मग वडी. तेल मोरीत गेलं नाही की मोरी तुंबत नाही आणि मोरी साफ करायचं जहाल औषध आणावं लागत नाही.

हिरव्या प्लास्टिकच्या घासण्या झिजतात म्हणजे त्यांचे बारीक तुकडे पाण्यातून जातात. त्याऐवजी घोसाळं लाव. परड्याच्या कुंपणावर पहिल्या पावसात चार बिया टोचल्या की दसरा-दिवाळीपर्यंत वेल लदबदून जातो. कोवळी घोसाळी भजीला, भाजीला. दोन-तीन फळं वेलावरच राहू द्यायची. ती पिवळी होतात, मग तपकिरी, हलवली की आत बिया खुळखुळतात. तेव्हा काढून साल सोलायची, बिया झटकायच्या, जाळी धुऊन उन्हात टाकायची. तिचे चार बोटांचे तुकडे करायचे. एक तुकडा भांड्याला, एक मोरीला, एक अंग घासायला. पाण्यात पडून राहिला तर कुजतो, म्हणून खिळ्याला टांगायचा, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घालायचा, मऊ पडला की परड्यातल्या खतात टाकायचा. बिया पुढच्या वर्षाला आणि शेजारच्या दोन घरांना. सासूबाईंना वेलाचं वेड असेल तर हे काम त्यांच्याकडं दे, फिनेलवरचा वाद निम्मा तिथंच मिटेल.

पुसायला कापड विकत आणायचं नाही. वाकळ शिवायला काढून ठेवलेल्या जुन्या सुती साड्यांतून एक बाजूला काढ, हातभर तुकडे कर, कडा दुमडून टीप मार. कट्ट्याची वेगळी, फरशीची वेगळी, मोरीची वेगळी. जून ते सप्टेंबर आपल्याकडं काही वाळत नाही, म्हणून तुकडे भरपूर पाहिजेत. ओलं, कुबट फडकं फिरवण्यापेक्षा न पुसलेलं बरं. केरसुणीचं तर तुला सांगायला नको, लक्ष्मीपूजनाला नवी आणतच असशील. फक्त प्लास्टिकच्या काड्यांची आणू नकोस, ती कुजतही नाही आणि पूजतही नाहीत.

बायोएन्झाइम. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवोंग यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने झाकून ठेवायचं. संकेश्वर-निपाणीकडचा गूळ आपल्याला सहज मिळतो, त्यामुळं मोह होतो. पण गूळ खायची वस्तू आहे आणि तुझ्या घरात ते वापरायला जागा फक्त नळ आणि न्हाणीच्या टाइल्स. मी तुझ्या जागी असते तर साली खतात टाकल्या असत्या. तरी करायचंच असेल तर काचेच्या बरणीत करू नकोस. आत वायू साठतो, बरणी फुटते. प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या डब्यात, वरचा चौथा भाग रिकामा ठेवून, पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. आणि ब्लीचिंगचं वर सांगितलेलं विसरायचं नाही.

मावशींबद्दल शेवटचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. राख, काथ्या, घोसाळ्याची जाळी, ह्या सगळ्यात हाताचं काम वाढतं. घरातला बदल तुझ्या मनातला आहे, पण घासणार त्या आहेत. जे नवं आणशील ते आधी आठवडाभर स्वतः वापरून बघ. वेळ जास्त लागतो असं दिसलं तर त्यांचा पगार वाढव किंवा एखादं काम स्वतःकडं घे. त्यांच्या हाताला बसतील असे चांगले रबरी मोजे आण, वापरतात की नाही ते बघ, आणि त्यांना विचार की काय जमतं, काय नाही. संडासाला रोज ॲसिडची गरजच नसते. रोज ब्रश आणि साबणाचं पाणी फिरवलं तर पिवळा थर बसतच नाही. तुमच्याकडं सेप्टिक टँक असेल तर ॲसिड-ब्लीचिंग कमी केलेलंच बरं, मैला कुजवणारे टाकीतले जिवाणू त्यानं मरतात.

आता ता. क. समयांना चिंचेचा कोळ आणि मीठ लावून पाच मिनिटं ठेव, मग बारीक चाळलेल्या राखेनं घास, भरपूर पाण्यानं धू आणि लगेच कोरड्या फडक्यानं पूस. ओलं राहिलं तर काळे डाग परत येतात. बंबाला बाहेरून हेच. घासताना दोन्ही वस्तू शहाबादीवर ठेवू नकोस, परातीत किंवा मागच्या दारी मातीवर ठेव, चिंचेचे ओघळ फरशीवर उठतात. बंबाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या भांड्याच्या आत कल्हई असेल तर आतून चिंच लावायची नाही, राखेनंही जोरात घासायचं नाही. नुसतं पाणी आणि मऊ फडकं.